चांदीचं खोकं

शेफालीने दारात आडवा हात टाकला आणि आबांच्या हातातलं दावं धरलं. बाहेर टेम्पो उभा होता. दाव्याच्या दुसऱ्या टोकाला तिची शेळी, चांदी, निवांत रवंथ करत होती.

“सोड पोरी. भोरच्या बाजाराला उशीर हुतोय,” आबा म्हणाले. “हिच्या केसानं तुज्या आईला दम लागतोय.”

“केसानं न्हाई, आबा. झुरळानं.” तिने पुण्याच्या डॉक्टरांचा कागद उघडला. कशाचा त्रास होतो ते कळावं म्हणून आईच्या हातावर एकेका गोष्टीचा अर्क टोचून पाहिला होता. शेळीच्या केसांच्या खुणेला काही झालं नव्हतं, झुरळाच्या खुणेवर मात्र टपोरी गांध उठली होती.

“झुराळाला केसं असत्यात व्हय?”

“त्याची घाण, त्याची कात, सगळ्याचा भुगा हुतो. तो छातीत जातो.” नववीत विज्ञानात पहिली आलेली मुलगी बोलत होती, आणि हे तिला पुरतं ठाऊक होतं.

आबांनी टेम्पोवाल्याला थांबायची खूण केली. “माझ्या सुनंनं या घरात एक रात बी खरकटं ठेवलं न्हाई. झुराळ दाव, शेळी ऱ्हाईल.”

शेफालीने बॅटरी घेतली. मोरी कोरडी होती. ओट्याखाली भांडी पालथी, घासलेली. पिठाच्या डब्यामागेही काही नाही. आतल्या खोलीत आई पलंगावर बसून दम्याचा पंप ओढत होती.

“शेफे, बस कर,” ती म्हणाली. “घरात एकीनं दमलेलं पुरं हाय.”

शेफाली हसली, वाकली, आणि पलंगाखाली उजेड टाकला. हसू तिथंच राहिलं.

कोपऱ्यात पुठ्ठ्याचं खोकं होतं. रोज आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा शेफाली त्यात टाकायची, रविवारी भिजवून चांदीला घालायची. खोक्याच्या बरोबर वर आईची उशी होती.

“घावलं का?” आबा दारात आले होते.

तिने खोकं ओढलं. तपकिरी पाठी भिंतीकडे पांगल्या. तुकड्यांवरून भुगा उडाला, आईला ढास लागली.

“कुणाचं हे?”

“माझं,” आई खोकल्यातूनच म्हणाली.

“न्हाई. माझं हाय, आबा.” वर्गात उत्तर देताना असायचा तसाच तिचा आवाज होता. फक्त कागदाची घडी तिला जमेना.

आबा बाहेर गेले. टेम्पो सुरू झाला, दूर गेला. शेफाली कान देऊन उभी राहिली. मग अंगणात चांदी ओरडली.

आबा परत आले ते आपला फरसाणाचा डबा घेऊन, रिकामा. टोपण घट्ट बसतंय का ते दोनदा दाबून पाहून त्यांनी तो तिच्यापुढे ठेवला.

“खोकं लांब नेऊन तूच जाळ,” ते म्हणाले आणि सुनेला उठायला हात दिला. “पर आधी आईला भाईर बसवायचं. भुगा छातीत जातो म्हनलीस न्हवं?”