कुठे चुकलो, सांगा

श्यामसुंदर बुटांच्या नाड्या बांधायला फार वेळ लावत. त्या शनिवारीही लावला. घणसोलीच्या फ्लॅटच्या दाराशी स्टुलावर बसून, गळ्यातला कॅमेरा एका हाताने सांभाळत ते म्हणाले, "पावण्याच्या एमआयडीसीत जाऊन येतो. जेवणाच्या सुट्टीत कारखान्यांबाहेर मंडळी बसतात."

"भर दुपारी? टोपी घ्या."

"घेतली. तुझं काम आहे ना?"

"आहे," क्षिप्रा म्हणाली. ती एका प्रकाशकासाठी घरूनच मजकूर तपासून द्यायची. टेबलावर प्रुफांचा गठ्ठा होता.

"मग बस तू."

तिला जावंसं वाटत होतं. आई गेल्यापासून दर शनिवारी वाटायचं. पण कामातल्या माणसाला उठवू नये हा त्यांचा नेम, आणि न बोलावता कुणाच्या मागे लागू नये हा तिचा. बापलेकीच्या या शहाणपणात कितीतरी शनिवार गेले होते. दार लागलं आणि तिने पुढचं पान ओढलं.

संध्याकाळी ते उन्हाने लाल होऊन आले. पिठलं-भात जेवले, मीठ कमी आहे म्हणाले, आणि पुन्हा वाढून घेतलं. मग कॉम्प्युटरवर बसून त्यांनी दिवसाचा एक फोटो 'दुसरी नजर'वर चढवला.

'दुसरी नजर' ही हौशी फोटोवाल्यांची ऑनलाइन गॅलरी. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचे नोकरदार, निवृत्त, गृहिणी असे सगळे तिथे होते. तिथली रीत अशी, की फोटोखाली ज्याने त्याने आपला प्रश्न लिहायचा आणि बाकीच्यांनी त्याचं खरं उत्तर द्यायचं. नुसतं 'छान' लिहिणाऱ्याची तिथे टिंगल होई. रविवारी सकाळी सगळे ऑनलाइन जमत, एकेक फोटो पडद्यावर येई. सगळे बोलून होईपर्यंत फोटोवाल्याने तोंड उघडायचं नाही, आणि जे बोलायचं ते थेट त्यालाच उद्देशून बोलायचं.

श्यामसुंदरांनी फोटोखाली लिहिलं होतं, 'कुठे चुकलो, सांगा.'

दुसऱ्या दिवशी सकाळी दूधवाल्याने बेल वाजवली, तेव्हा ते दार उघडायला उठले नाहीत.

दिवसकार्य आटोपल्यावर क्षिप्राने त्यांच्याच खात्यावरून गॅलरीला बातमी कळवली. तासाभरात त्या शेवटच्या फोटोखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'ची रांग लागली. फोटो होता भिंतीच्या सावलीत डबे खाणाऱ्या कामगारांचा. वाटावं, ती धट्टीकट्टी माणसंच गेली. उत्साही सभासदांनी जुने फोटोही सोडले नाहीत. तळवलीच्या एका बकरीखाली कुणीतरी लिहिलं होतं, 'आपले स्मरण सदैव राहील.'

क्षिप्रा हसली. बऱ्याच दिवसांनी हसली. मग तिला ते हसू टोचलं. एवढ्या हात जोडणाऱ्यांत एकानेही बाबांच्या प्रश्नाचं उत्तर दिलं नव्हतं. एखाद्या लेखकाचं बाड न वाचताच परत पाठवावं, तसं काहीतरी झालं होतं.

तिने इंद्रजितना फोन केला. कोपरखैरण्याला त्यांचा दातांचा दवाखाना होता आणि रविवारची बैठक तेच चालवत.

"बाबांचा फोटो या रविवारी घ्याल?"

"घेऊ ना. श्रद्धांजली म्हणून सुरुवातीलाच..."

"श्रद्धांजली नको. नेहमीसारखा घ्या."

इंद्रजित घुटमळले. "गेलेल्या माणसाच्या चुका काढायच्या? बरं दिसेल का ते?"

"त्यांनी विचारलंय, डॉक्टर. उत्तर तर द्यायला हवं."

रविवारी फोटो पडद्यावर आला. मध्ये रस्ता, पलीकडे भिंत, भिंतीला टेकलेली माणसं, उघडे डबे. एकाने घसा साफ करून 'अप्रतिम' म्हटलं. दुसऱ्याने त्यालाच दुजोरा दिला. आता हेही बाबांसारखंच संपणार, काही न बोलता, असं क्षिप्राला वाटलं.

तेवढ्यात पुतळाताईंचा आवाज आला. घणसोली गावात त्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या; फोटो त्या मोबाइलवरच काढायच्या. "काका, खोटा कनाला बोलू? तुमचा फोटू वाकरा हाय. रस्ता कसा उतरनीला लागलाय. एकाद दिवशी आख्खा पावना गाव खाडीत जायचा."

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळेच सुटले.

"काका, मागच्या महिन्यात मला क्षितिज तिरकं म्हणून केवढं सुनावलंत!"

"डावीकडच्या माणसाचे पाय कापलेत, श्यामराव. बिचारा लंगडा केलात."

"ऊन डोक्यावर आहे. चार वाजता जायला हवं होतं."

"चार वाजता डबे कुठले? सावली चांगली पकडली आहे. पण लांबून काढलाय, काका."

"तेच मी बोलतंय," पुतळाताई म्हणाल्या. "त्यो मदला मानूस बगा. हात वर केलाय त्यानी. 'या जेवाया' बोलतो. नि काका थितंच उबं!"

क्षिप्राने फोटो मोठा केला. खरंच, चपातीचा घास हातात धरून एक माणूस कॅमेऱ्याकडे बघत हात उंचावत होता. शेजारचा सरकून जागाही करत होता. हे सारं रस्त्यापलीकडून टिपलेलं.

गेले दोन दिवस ती बाबांचे जुने फोटो पाहत होती. आई असतानाच्या फोटोंत चेहरे होते, जवळून घेतलेले, बोलता बोलता हसणारे. आई पुढे जाऊन 'काय भाजी आणलीत आज?' विचारायची आणि बाबा तिच्या मागून कॅमेरा उचलायचे. आई गेली, आणि फोटोंतली माणसं हळूहळू लहान होत गेली होती. आधी चौकटीच्या मध्यावर, मग कडेला, मग रस्त्यापलीकडे. अनोळखी माणसाशी पहिला शब्द बोलणं बाबांना कधी जमलं नाही. जेवायला बोलावत असतानाही जमलं नव्हतं.

"क्षिप्रा, तुम्ही बोलणार?" इंद्रजितनी विचारलं. "नाही बोललात तरी चालेल."

तिने माइक सुरू केला. दुसऱ्यांचा मजकूर नीट करायची तिला सवय होती. वाक्यं आपोआप जुळत. आज एकही जुळेना. फोटोवाल्याशीच बोलायचं, ही इथली रीत होती.

"बाबा," ती म्हणाली. आवाज तिला वाटला होता त्यापेक्षा मोठा आला. "रस्ता वाकडा आहे तो असू दे. तुम्ही एकटे गेलात, तिथे चुकलात. मी कामात आहे असं तुम्ही ठरवून टाकलंत आणि मी ते ठरवू दिलं. मी तुमच्याबरोबर रस्ता ओलांडला असता. मला यायचं होतं, बाबा. प्रत्येक शनिवारी मला यायचं होतं."