शेवंतीबाईंची काडतुसं

लांब पल्ल्याच्या रायफली बाळगणाऱ्या पुरुषांना एक गोष्ट पटवून देणं महाकठीण असतं, ती म्हणजे काडतूस मोठं असलं म्हणून नेम चांगला लागत नाही. बहारीनमधल्या सखीरच्या वाळवंटातल्या त्या नेमबाजी क्लबात तर हे बोलायचीही सोय नव्हती. क्लबचा कप्तान ताहिर तीनशे मॅग्नम हे दांडगं काडतूस मारायचा, म्हणून सगळेच तीनशे मॅग्नम मारायचे. बार काढला की खांदा बधिर व्हायचा, डोळ्यांत पाणी यायचं, आणि मंडळी एकमेकांकडे बघून मोठ्या समाधानाने हसायची. तिथल्या कपाटात खांदेदुखीच्या मलमाच्या जेवढ्या ट्यूब होत्या तेवढ्या एखाद्या औषधाच्या दुकानातही नसतील.

अशा ठिकाणी उमैमाने साडेसहा मिलिमीटरची रायफल बनवून घेतली. उमैमा तिथल्याच बुसैतीन गावची, पेशाने दातांची डॉक्टर, अंगाने बारीक आणि स्वभावाने हट्टी. तिचा हिशोब सरळ होता. काडतूस लहान, पण गोळी लांब आणि निमुळती. ती वाऱ्यात कमी भरकटते. धक्का कमी, त्यामुळे बार काढल्यावरही दुर्बिणीतून नजर ढळत नाही आणि आपली गोळी कुठे लागली ते आपल्यालाच दिसतं. नळी त्या गोळीच्या मापाची, दस्ता तिच्या खांद्याच्या मापाचा. या रायफलीसाठी तिने आठ महिने वाट पाहिली होती. ताहिरने ती हातात घेऊन उलटसुलट केली आणि खेळणं छान आहे म्हणाला.

आणि नेमकी ती रायफल दगा द्यायला लागली. नऊशे मीटरवर दोन गोळ्या मधोमध लागायच्या, तिसरी हातभर खाली, चौथी हातभर वर. गोळी डावी-उजवीकडे गेली तर वाऱ्याला बोल लावता येतो. वर-खाली जायला लागली तर मात्र तिचा वेग दरवेळी वेगळा पडतोय, म्हणजे खोट काडतुसात आहे, हे नवशिक्यालाही कळतं. आणि उमैमाचं प्रत्येक काडतूस शेवंतीबाई हाताने भरत होत्या.

शेवंतीबाई खानापूर तालुक्यातल्या. नवरा शंभू गलाईवाला, म्हणजे सोनं-चांदी गाळून शुद्ध करणारा. अठरा वर्षं तमिळनाडूत भट्टी चालवली, मग मनामाच्या सोनेबाजारात काम मिळालं आणि नवरा-बायको गुदैबिया वस्तीतल्या दोन खोल्यांत येऊन राहिले. बाई आधी क्लबच्या कँटीनमध्ये भांडी घासायच्या. तिथे विवेक गोडबोले या पुण्याच्या इंजिनिअरने त्यांना दहा कपांत चहाची पूड डोळ्यांनी मोजून टाकताना पाहिलं आणि गंमत म्हणून वजन करून बघितलं. दहाही ढीग सारखे भरले. क्लबची काडतुसं भरायची खोली विवेककडे होती. दुसऱ्याच आठवड्यात त्याने बाईंना भांड्यांतून उठवून तिथे बसवलं.

काम वरवर सोपं. रायफलीतून उडालेली रिकामी पितळी पुंगळी घ्यायची, घासून लख्ख करायची. तिची मान ज्योतीवर तापवून नरम करायची, कारण दर बाराला पितळ ताठर होत जातं. मग बुडाशी ठिणगी पाडणारा नवा प्रायमर बसवायचा, काट्यावर दाणा न् दाणा मोजून पावडर घालायची, आणि तोंडाशी गोळी ठेवून दांड्याच्या दाबाने मानेत बसवायची. तापवायचं काम विवेकच्या मशीनचं, बाकीचं बाईंचं. दोन वर्षांत बाईंच्या हातून एक दाणा इकडचा तिकडे झाला नव्हता, आणि आता क्लबभर बोललं जात होतं की बाईंची काडतुसं वाईट.

मंगळवारी ताहिरने निकाल देऊन टाकला. शुक्रवारी आखाती स्पर्धेसाठी निवड आहे. उमैमाच्या दहा गोळ्या उंचीने वीतभर पट्ट्यात बसल्या तर ठीक. नाहीतर तिच्या रायफलीची नळी बदलून तीनशेची बसवायची, काडतुसं भरायची खोली बंद करायची आणि यापुढे कारखान्याचा तयार माल आणायचा. खलास. शेवंतीबाईंचं काय, असं विवेकने विचारलं, तेव्हा ताहिरने कँटीनच्या दिशेने हात केला.

बाईंना भांड्यांची लाज नव्हती. पण दोन वर्षं त्या काट्यासमोर मान ताठ ठेवून बसल्या होत्या, आणि ती खुर्ची आपल्या हातच्या खोटीमुळे जाणार हे त्यांना सोसवेना. कारण खोट हातची नव्हती, हे त्यांना तीन आठवड्यांपासून ठाऊक होतं.

गोळी बसवताना दांड्यावर तळवा असतो. काही पुंगळ्यांत गोळी लोण्यात बोट घालावं तशी जायची, काहींत अडून अडून. म्हणजे काही माना फार मऊ, काही फार कडक. मऊ मानेतून गोळी आधी सुटणार, कडक मानेतून उशिरा, मग वेग सारखा राहणार कसा? हे सगळं बाईंच्या तळव्याला कळलं होतं. पण मान तापवायचं मशीन विवेकने तीन महिन्यांपूर्वी जर्मनीहून मागवलेलं, सेकंद त्याने लावलेले, आणि साहेबांच्या मशीनला नावं ठेवणारी आपण कोण, म्हणून बाई गप्प बसल्या. ही त्यांचीच चूक होती, आणि मंगळवारी रात्री शंभूला जेवायला वाढता वाढता त्यांनी ती त्याच्यापाशी कबूल केली. शंभू म्हणाला, उद्या बोलून टाक, नाहीतर परवापासून माझं डोकं खाशील.

बुधवारी दुपारी विवेक लॅपटॉपवर पावडरीचे आकडे तपासत बसला होता. महिन्यात चौथ्यांदा. बाईंनी पदर खोचला आणि विषयाला हात घातला.

"साहेब, पावडर सोडा. माना बगा."

विवेकने माना बघितल्या होत्या. पुस्तकात लिहिल्याप्रमाणे मानेवर मंद लाली आली की थांबायचं, ती किती सेकंदांत येते ते त्याने स्वतः पाहून मशीनला लावलं होतं. हे त्याने बाईंना नीट समजावून सांगितलं, मग दुसऱ्या शब्दांत पुन्हा सांगितलं, आणि मग आलेख काढून दाखवला. पुण्याच्या माणसाला आपलं म्हणणं एकदाच सांगून भागत नाही. बाईंनी सगळं ऐकून घेतलं.

"लाली बगितली तवा ह्यो लाईट चालू हुता का?"

खोलीत चार ट्यूबलाईट होत्या, दिवसासारखा उजेड. अर्थात चालू होता, विवेक म्हणाला. अंधारात काम कोण करतं?

"आमच्यात भट्टीम्होरं दिवा लावत न्हाईत," बाई म्हणाल्या. "उजेडात लाल दिसंस्तवर धातू जळून गेल्याला असतो."

त्यांनी शटर खाली ओढलं आणि चारही ट्यूब बंद केल्या. पावडर आणि प्रायमर क्लबच्या नियमाप्रमाणे पलीकडच्या कुलूपबंद खोलीत होते, त्यामुळे ज्योत पेटवायला अडचण नव्हती. मशीनचं चाक फिरलं, भंगारातली एक पुंगळी ज्योतीसमोर आली. दोन सेकंदांत मानेवर मंद लाली आली. मशीन थांबलं नाही. लालीचं केशरी झालं, केशरीचं पिवळट, आणि मग कुठे पुंगळी खाली पडली. विवेक खुर्चीतून उठून उभा राहिला.

तेवढ्यात वरचा एसी सुरू झाला. झोत सरळ ज्योतीवर आला आणि ज्योत तिरकी झाली. पुढची पुंगळी तेवढेच सेकंद तिच्यासमोर राहिली, पण मानेवर जेमतेम काळपट छटा आली. पाच मिनिटांनी एसी आपोआप थांबला आणि पुन्हा माना जळायला लागल्या. बहारीनमध्ये एसी बारा महिने असाच चालू-बंद होत राहतो, सवयीने तो कानाला ऐकूही येत नाही.

विवेकने लॅपटॉप मिटला. "बाई, तीन महिने मी पावडरीला शिव्या घालतोय," तो म्हणाला. तो माणूस सरळ होता, एवढं मान्य करायला हवं. उमैमाला त्याने तिथूनच फोन लावला आणि चूक कुणाची ते स्पष्ट सांगून टाकलं.

जळालेलं पितळ परत येत नाही. पण उमैमाकडे एकदाच उडवलेल्या पन्नास पुंगळ्या शिल्लक होत्या, मशीनला न लागलेल्या. संध्याकाळी दवाखाना आटोपून ती त्या घेऊन आली. मशीनचे सेकंद नव्याने लावायचे तर आधी वीसेक पुंगळ्या खर्ची घालाव्या लागल्या असत्या, आणि तेवढी चैन परवडणारी नव्हती. बाई म्हणाल्या, मी हातानं करते.

विवेकने विचारलं, "केलंय कधी?"

"बगितलंय. अठरा वर्सं."

खरं तेच होतं. गलाईच्या घरात बाई भट्टीच्या मागे बसते, सोनं वितळवायची मूस पुढे करते, कोळसा देते. शंभूचे डोळे धुराने चुरचुरायला लागले की रंग आला का ते शेवंतीबाईच सांगायच्या, आणि त्या सांगतील तेव्हाच तो चिमटा उचलायचा. पण चिमटा त्याच्याच हातात. ज्योत स्वतः धरायची बाईंची ही पहिलीच वेळ होती.

एसी बंद, शटर बंद, दिवे बंद. मे महिन्यातली उकड. पुंगळीचं बूड बोटांत धरून बाई मान ज्योतीत फिरवत होत्या. मान नरम व्हायला हवी, बूड मात्र कडकच राहायला हवं, कारण बाराचा सगळा दाब तेच झेलतं. बुडाशी बोटाला चटका बसला की ती पुंगळी बाद. घाम हनुवटीवरून ठिबकत होता आणि बाईंची नजर मानेवरून हलत नव्हती. लालीची पहिली चाहूल लागली की पुंगळी ओल्या फडक्यावर. पहिल्या चार बाद झाल्या. पाचवीला बाईंचा हात बसला, आणि मग सेहेचाळीसच्या सेहेचाळीस एका रंगाच्या उतरल्या. उमैमा दाराशी बसून ओढणीने वारा घेत सगळं बघत होती. शेवटची पुंगळी फडक्यावर पडली तेव्हा तिने बाईंची भाजलेली बोटं हातात घेतली आणि बराच वेळ सोडली नाहीत.

गुरुवारी बाईंनी काडतुसं भरली. दांडा खाली येताना तळव्याला दरवेळी तोच दाब, ना कमी ना जास्त. विसाव्या काडतुसाला त्यांना स्वतःशीच हसू आलं.

शुक्रवारी सकाळी शमाल, म्हणजे वायव्येचा वाळू उडवणारा वारा, सुटला होता. वाऱ्याची दिशा दाखवणाऱ्या पिशव्या आडव्या झालेल्या, वाळू जमिनीलगत सरपटत होती. निम्म्या मंडळींनी चहा पिता पिता उमैमाची कीव करून घेतली. शेवंतीबाई कानांना जाड मफ लावून पहिल्यांदाच गोळीबाराच्या ओळीमागे उभ्या होत्या. समोरच्या पडद्यावर नऊशे मीटरवरचं टार्गेट दिसत होतं, गोळी लागेल तिथे टिंब उमटायचं.

पहिलं टिंब मध्याच्या थोडं उजवीकडे. दुसरं त्याच्या शेजारी, त्याच उंचीवर. तिसऱ्याला वारा वाढला आणि ते वीतभर डावीकडे गेलं, पण उंची तीच. चौथं, पाचवं, सहावं. वारा गोळीला डावी-उजवीकडे ढकलत होता, वर-खाली कुणी हलवू शकत नव्हतं. सातव्याला चहा पिणाऱ्यांनी कप खाली ठेवले. आठव्याला ताहिर पडद्याजवळ येऊन उभा राहिला. उमैमा घाई करत नव्हती, दोन बारांमध्ये वाळूकडे बघत वारा मोजत होती. दहावं टिंब उमटलं तेव्हा विवेकने पडद्यावर मापाची रेघ ओढली. दहा गोळ्यांतली सगळ्यात वरची आणि सगळ्यात खालची यांच्यात चार बोटांचं अंतर होतं.

वीतभर मागितलं होतं, आणि चार बोटांत बसलं. शेवंतीबाईंना आपल्या डोळ्यांतून पाणी येतंय हे कळलं आणि त्यांनी ते पुसलंही नाही. एवढा आनंद त्यांना लेकीच्या लग्नातही झाला नव्हता, आणि याची त्यांना जराही लाज वाटली नाही.

मग ताहिरची पाळी आली. तीनशे मॅग्नम दहा वेळा गरजली, आणि उंचीत दीड वीत फरक पडला. तो उठला तेव्हा खांदा चोळत होता. त्याने उमैमाच्या पायाशी पडलेली एक पुंगळी उचलली, मानेवरची निळसर कडा उन्हात धरून पाहिली आणि विवेकला विचारलं, कुठल्या मशीनवर केलं? विवेकने मशीन बंद ठेवल्याचं सांगितलं, आपली चूक सांगितली, आणि बाईंकडे बोट दाखवलं. सगळ्या क्लबने वळून बघितलं. बाईंनी मान खाली घातली नाही.

अर्ध्या तासाने त्या आपल्या खुर्चीत बसल्या होत्या, तेव्हा ताहिर दारात आला. हातात शंभर रिकाम्या पुंगळ्यांचा डबा. कँटीनचा विषय त्याने काढला नाही, खोली बंद करायचाही नाही. तो हिंदीत एवढंच म्हणाला, "मेरे लिए कौनसा ठीक रहेगा? यही, या वो छोटावाला?"

आजवर काडतुसाच्या बाबतीत ताहिरने कुणाला काही विचारलेलं क्लबात कुणी ऐकलं नव्हतं. बाईंनी डब्यातली एक पुंगळी उचलली, मानेवर नख ओढून पाहिलं, मग त्याच्या खांद्याकडे पाहिलं.

"डब्बा रखो," त्या म्हणाल्या. "पहले देखती, फिर बोलती. लाईन में आओ."

ताहिरने डबा टेबलावर ठेवला आणि मुकाट्याने मागे जाऊन उभा राहिला, कारण त्याच्या आधी चार जण आपापल्या पुंगळ्या घेऊन आलेले होते.