नजरेच्या मापाचा हौद

मास्तरांना टेप लागत नसे. ही गोष्ट मास्तर स्वतःच सांगायचे, आणि कोणी न विचारता सांगायचे. गिऱ्हाईक त्यांच्या शिलाईच्या दुकानाचा उंबरा ओलांडेपर्यंत त्याची छाती, कंबर, बाही सगळं नजरेनं मोजून व्हायचं. कोट अंगात बरोब्बर बसायचा. कधीमधी नाहीच बसला, तर मास्तर शांतपणे म्हणायचे, "मधल्या काळात तुम्ही सुटलात हो." गिऱ्हाईक बिचारं ओशाळून पोट आत घ्यायचं. अशा माणसाला दुकान विकून घरी बसल्यावर परसात पोहण्याचा तलाव बांधायची बुद्धी झाली, तेव्हाच खरं तर कोणीतरी त्यांचे हात धरायला हवे होते.

पण कारण खोटं नव्हतं. बायकोच्या कमरेनं संप पुकारला होता. आधी तिचा बाजार सुटला, मग जिना सुटला, आणि आता स्वयंपाकघरातून खिडकीपर्यंत यायचं तरी भिंत धरून यावं लागे. हाडांचे डॉक्टर आडपडदा न ठेवता बोलले. "चालणं सुटलं की खुर्ची आली, आणि खुर्ची आली की ती जात नाही. रोज पाण्यात चाला. छातीपर्यंत पाणी हवं, म्हणजे अंगाचा भार पाणी घेतं."

"सार्वजनिक तलावात चारचौघांसमोर मी उतरायची नाही," घरी आल्यावर बायको म्हणाली. "आणि पाणी गळ्याला लागलं, तर कुठेच उतरायची नाही. मला पाण्याची भीती वाटते, तुम्हाला ठाऊक आहे."

"मग आपण घरीच बांधू!" मास्तर म्हणाले. बोलून गेले आणि स्वतःवरच खूश झाले. इथेच घोडं पेंड खायला लागलं.

ठेकेदार आला. बोलका माणूस, दर वाक्यात एकदा 'काळजीच सोडा' म्हणणारा. परसात दोऱ्या ताणून त्यानं विचारलं, "खोली किती ठेवू? बाईंना बोलवा, उंची घेऊन टाकू."

मास्तर हसले. कसे हसले, तर लहान मुलानं काही खुळचट विचारावं आणि मोठ्यांनी हसावं तसे. "माझ्या बायकोचं माप तुम्ही घेणार? अहो, लग्न झाल्यापासून तिचा एक कपडा बाहेर शिवलेला नाही. मला झोपेतून उठवून विचारा." असं म्हणून त्यांनी परसाच्या भिंतीपाशी उभं राहून हात आडवा धरला. "तिची छाती इथे येते. इथपर्यंत पाणी."

ठेकेदारानं तिथे खडूनं रेघ मारली. आत स्वयंपाकघरात बायको शेंगा सोलत बसली होती. तिला हाक मारायला पाच पावलंही चालावं लागलं नसतं.

पुढे मास्तरांच्या डोक्यात जी हवा गेली, तिला काही सीमा नव्हती. नुसता तलाव काय बांधायचा? कडेला एक स्पा हवा. म्हणजे गरम पाण्याचा छोटा हौद, त्यात खालून बुडबुडे, आणि त्याचं पाणी काठावरून ओसंडून मोठ्या तलावात पडणार. डॉक्टरांनी स्पाचं नावही काढलं नव्हतं. पण गल्लीत कोणाकडे नव्हता ना! येणाऱ्याजाणाऱ्याला मास्तर हात धरून परसात न्यायचे आणि सिमेंटच्या खड्ड्याकडे बोट दाखवून सांगायचे, "इथे बुडबुडे." टाइल निवडायला आठवडा गेला. बायको मात्र शेवटपर्यंत त्याला हौदच म्हणत राहिली. "हौद झाला का हो?" असं खिडकीतून विचारायची. मास्तरांना ते लागायचं. एक काम त्यांनी नीट केलं होतं. पायऱ्या रुंद ठेवल्या होत्या आणि धरायला कठडा लावला होता.

तिचा पोहण्याचा पोशाखही अर्थात त्यांनीच शिवला. गुडघ्यापर्यंतचा, गळाबंद, निळा. माप न घेता.

पाणी भरलं, स्पा ओसंडू लागला, आणि एका लख्ख दुपारी बायको निळा पोशाख घालून दारात आली. मास्तरांनी तिला खालीवर न्याहाळलं. "बघितलंत?" ते ठेकेदाराला म्हणाले. "टाका इकडचा तिकडे करायला नको!"

बायको पुढे झाली. कठडा धरून एकेक पायरी उतरू लागली. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं, छातीला आलं. अजून पायऱ्या उरल्याच होत्या. पाणी खांद्याला आलं, तसा तिचा चेहरा उतरला. "अजून किती?" तिनं विचारलं.

"झालंच, झालंच! टेक पाय!" मास्तर काठावरून ओरडले.

तिनं पाय टेकला आणि पाणी थेट ओठांना लागलं. डोळे मोठे झाले, एक घोट नाकातोंडात गेला, आणि तिनं अशी किंकाळी फोडली की बुडबुड्यांचा आवाजही ऐकू येईना. मास्तर चपलांसकट पाण्यात उतरले. त्यांनी आणि ठेकेदारानं मिळून तिला वर काढलं. थरथरत, खोकत ती म्हणाली, "पुन्हा नाही. खुर्ची तर खुर्ची. पण पुन्हा नाही."

मास्तरांना वाटलं, ठेकेदारानं जास्त खोदलं. दुसरं काय असणार? त्यांनी तावातावानं ठेकेदाराचा टेप हिसकावून घेतला, मोजलं, आणि खडूच्या रेघेशी ताडून पाहिलं. तसूभरही फरक नव्हता.

"काळजीच सोडा," ठेकेदार सवयीनं म्हणाला आणि जीभ चावून घरी गेला.

बायको आत पडून राहिली. मास्तर ओला निळा पोशाख दोरीवर वाळत घालायला गेले. पिळला, झटकला, उलटा केला, आणि त्यांचा हात थांबला. आत दोन्ही बाजूंच्या शिवणी आत घेतलेल्या होत्या. खांद्यांवर चुण्या मारून टाके घातले होते. खालची कड दुमडून वर घेतली होती, चांगली वीतभर. आणि सगळं हातानं, बारीक टाक्यांत. हे टाके मशीनचे नव्हते आणि मास्तरांचे तर नव्हतेच.

ते तडक कपाटाशी गेले. तिचा राखाडी कोट काढून उलटा केला. आत घेतलेला. हिरवा झगा, आत घेतलेला. एकाच शिवणीत जुन्या टाक्यांच्या आत नवे, त्यांच्याही आत आणखी नवे. वर्षानुवर्षं मास्तर तिला पाठमोरं बघून 'काय बसलाय!' म्हणत आले होते, आणि ती 'तुमचाच हात' म्हणत आली होती. मास्तर पलंगाच्या कडेला मटकन बसले. वा रे नजर! गावभरच्या पोटांची मापं घेत फिरलास, आणि घरातलं माणूस वाकत चाललंय ते दिसलं नाही तुला, गाढवा!

"सापडलं वाटतं," पलंगावरून बायको म्हणाली.

"कधीपासून?"

"पाठ वाकायला लागली तेव्हापासून. तुम्ही दर वेळी आधीच्याच मापानं शिवायचे. घालून बघावं, तर बाह्या बोटांवर."

"मग मला सांगायचं नाही?"

"काय सांगायचं? दुकानात बसून तुम्ही लोकांना सांगायचे, बायकोचं माप तोंडपाठ आहे म्हणून. चेहरा असा फुलायचा तुमचा. तो मी कशाला उतरवू?" मग तिनं तोंड फिरवलं. "आणि खरं सांगू? तुमच्या डोक्यात मी अजून तेवढीच होते. ते मला बरं वाटायचं."

मास्तरांना रडू आलं. सरळ रडू आलं, आणि त्यांनी ते लपवलंही नाही. शर्टाच्या बाहीनं नाक पुसलं, उठले, ठेकेदाराचा विसरलेला टेप घेऊन आले आणि म्हणाले, "ऊठ. भिंतीशी उभी राहा."

"आज नको."

"आजच. जशी आहेस तशी उभी राहा. ताठ व्हायचं नाही. मी पाया पडतो."

ती उठली. भिंतीला हात टेकून उभी राहिली. आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांनी बायकोचं माप टेपनं घेतलं, आणि खात्री करायला पुन्हा एकदा घेतलं.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराला बोलावून त्यांनी हुकूम सोडला, "पाणी वीतभर खाली आणा."

ठेकेदारानं डोकं खाजवलं. "आणता येईल. तळाच्या जाळीतून पाणी ओढून गाळू. पण स्पाचं पाणी काठाजवळच्या नळीतून जातं, ती उघडी पडली की स्पाला पाणी मिळणार नाही, मास्तर. तो कोरडा राहील. बुडबुडे विसरा."

मास्तरांनी स्पाकडे एकदा पाहिलं. सगळी गल्ली विचारणार होती. विचारू दे. "विसरलो," ते म्हणाले. "काढा पाणी."

पाणी काढलं, तरी बायको तयार होईना. तीन दिवस मास्तर तिच्या मागे होते. चौथ्या दिवशी ते एकटेच जाऊन पाण्यात उभे राहिले आणि खिडकीकडे बघत राहिले. पोहणं त्यांना येत नव्हतंच, शिवाय थंडीनं दात वाजत होते. ध्यान दिसत होते अगदी. तासाभरानं खिडकीतून आवाज आला, "आजारी पडाल ना! या वर!"

"तू उतरल्याशिवाय नाही."

ती कुरकुरत निळा पोशाख घालून आली. पायरी, पायरी, कठडा गच्च धरून. शेवटच्या पायरीवर तिनं डोळे मिटले आणि पाय टेकला. पाणी छातीशी थांबलं. तिनं एक डोळा उघडला, मग दुसरा. कठडा सोडून मास्तरांचा हात धरला आणि एक पाऊल टाकलं. दुसरं टाकलं. समोरच्या भिंतीला जाऊन हात लावला. वळली. परत येताना मधेच तिनं मास्तरांचा हातही सोडून दिला. भार पाण्यानं घेतला होता, आणि तिची पाठ हळूहळू, कळत नकळत, सरळ होत होती. खांदे वर आले. पाणी छातीवरून खाली घसरलं, पार पोटाशी गेलं.

"अहो, हे कमी पडतंय," ती म्हणाली. "घाला थोडं अजून."

मास्तरांचा आधी कानांवर विश्वास बसेना. मग ते धडपडत पायऱ्या चढले. "थांब!" ते निथळत ओरडले. "टेप आणतो! अशीच उभी राहा, हलू नकोस!"

"आता कसली उभी राहते!" मागून आवाज आला. "तुम्ही आणा टेप. तोवर मी दोन फेऱ्या मारून येते."