देवाला न चालणारी फुलं

जास्वंदीला कीड लागली आहे, असं कौसल्याबाईंनी नर्सरीत सांगितलं.

"मावा की पांढरी माशी?" नर्सरीवाल्या चेतनने विचारलं.

"दोन पायांची. पावणेसहाला येते. हातात आकड्याची काठी, खिशात पिशवी. जाताना मला फाटकात 'सुप्रभात' म्हणते."

चेतनचा सगळा जन्म पुण्याच्या कर्वेनगरात गेलेला. त्याला ही कीड नवी नव्हती.

ही कीड म्हणजे शेजारच्या इमारतीतले श्यामसुंदर आठल्ये. त्यांच्या देवघरात देव चौदा आणि दारात झाड एकही नाही. कौसल्याबाईंनी 'फुलं तोडू नयेत' अशी पाटी लावून पाहिली होती. फुलं तोडताना आठल्ये तिच्यावर पिशवी अडकवत.

एरवी बाईंनी दुर्लक्ष केलं असतं. पण जास्वंद त्यांच्या नवऱ्याने, रंगरावांनी लावलेली, आणि खुब्याचं हाड मोडल्यापासून तीन महिने रंगराव तिच्यासमोरच्या खिडकीशी पडून होते. पेपर सुटला, रेडिओ सुटला. बायकोशी बोलणं 'हो' आणि 'नको' यावर आलं होतं. सात वाजता त्या त्यांना टेकवून बसवत, तेव्हा झाडावर नुसती पानं असत. रंगराव त्या पानांकडेच बघत राहत. एकदा तरी त्यांना त्यांचं फूल झाडावर दिसावं, एवढंच बाईंना हवं होतं.

"टोमॅटोशेजारी झेंडू लावतात, म्हणजे कीड तिकडे वळते," चेतन म्हणाला. "तुम्ही फाटकापाशी झेंडू आणि तगर लावा. जास्वंदीभोवती देवाला न चालणारं काहीतरी."

मग स्थळ बघायला गेल्यासारखी एकेका रोपाची चौकशी झाली. सदाफुली बाद, ती काही घरांत वाहतात. गोकर्ण तर नकोच. शेवटी पेट्युनिया ठरली, आणि पुढच्या रांगेला काटेरी युफोर्बिया.

तिसऱ्याच दिवशी गुण आला. आठल्यांनी फाटकातच पिशवी भरली आणि तिथूनच परतले. सात वाजता जास्वंदीवर पाच फुलं होती. कौसल्याबाईंनी रंगरावांना बसवलं.

"बघा."

रंगरावांनी पाहिलं. "हं. आठल्या आजारी आहे का?"

"चांगले ठणठणीत आहेत. का हो?"

"आज खिडकीशी आला नाही. रोज यायचा. सोसायटीचं सगळं सांगायचा, टँकरवाल्याला शिव्या घालायचा. त्याला नीट दिसत नाही, मग मी इथून सांगायचो, वरचं डावीकडचं राहिलं बघ."

"मला कधी बोलला नाहीत ते!"

"तू मागे पाणी भरत असायचीस."

तीन महिन्यांत रंगराव एवढं बोलले नव्हते. कौसल्याबाईंना भयंकर राग आला. चोराशी गप्पा आणि बायकोला 'नको'! त्या स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी आपटत राहिल्या. मग रडल्या. मग डोळे पुसून पोह्यांना फोडणी दिली.

दुसऱ्या दिवशी पावणेसहाला त्या फाटकात उभ्या होत्या. आठल्ये झेंडूला हात घालून जागच्या जागी थिजले.

"तो झेंडू राहू द्या," बाई म्हणाल्या. "जास्वंद तिकडे आहे, खिडकीपाशी. काट्यांतून वाट केली आहे मी."

आठल्ये काठी सावरून निघाले.

"आणि आठल्ये, जरा सावकाश तोडा."