मिल्काताईंचा मलिदा

आयुष्यभर या पुण्यानं मला नाताळच्या शुभेच्छा दिल्या. टेलिफोन खात्यात होते तेव्हा पंचवीस डिसेंबरला माझ्या टेबलावर न चुकता केक यायचा. "अहो, आम्ही ख्रिश्चन नाही, आम्ही ज्यू," म्हटलं की समोरचा म्हणायचा, "तेच ते." त्यामुळे रास्ता पेठेतल्या आमच्या जिन्यात तेजस आणि चैताली हे जोडपं उभं राहून मला तेच ते समजावू लागलं, तेव्हा माझं डोकं फिरलं यात नवल नाही.

तेजस मांजरीचा, ऊसवाल्या शेतकऱ्याचा मुलगा. कुठल्याशा नव्या मंडळीचा पास्टर झाला होता. आम्हा बेने इस्राएल ज्यूंवर त्याचं भारी प्रेम. "आजी, तुम्ही तर देवाचे सिलेक्टेड लोक," तो म्हणाला. "फक्त एकच गोष्ट राहिलीय." ती गोष्ट म्हणजे येशू. आमच्याशी बोलताना तो त्याला हिब्रू नावानं येशुआ म्हणायचा, म्हणजे आम्हाला घरचा वाटावा.

मी दारावर पाटी लावली : "येथील तारण पूर्वीच झालेले आहे. बेल वाजवू नये." तेजसनं पाटीचा फोटो काढला, मनापासून हसला आणि खाली जाऊन मिल्काताईंची बेल वाजवली.

एके काळी या गल्लीत दर दुसऱ्या दाराच्या चौकटीवर मेझुझा, म्हणजे आमची धर्मवचनाची डबी, असायची. आता आमच्या इमारतीत दोनच उरल्यात, माझी आणि खालच्या मजल्यावर मिल्काताईंची. बाकीचे इस्रायलला गेले, नाहीतर वाकडला, आणि परत न येण्याच्या बाबतीत दोन्ही सारखंच. मिल्काताईंना मूलबाळ नाही. त्यांचे यजमान हनोखदादा गेल्यापासून त्या एकट्याच.

त्या न्हाणीघरात पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. समाजाच्या ग्रुपवर हात जोडलेल्या चित्रांचा पाऊस पडला. प्रत्यक्षात फिजिओथेरपीला त्यांना गाडीतून नेलं तेजसनं. भाजी आणली, केस धुऊन दिले चैतालीनं. मी रोज जायचे, पण माझेच गुडघे गेलेले. माणसाला उचलून बसवणं माझ्यानं होत नव्हतं. बसवलेल्या माणसाला बोलणं तेवढं होत होतं.

"मिल्काताई, ही माणसं फुकट काही करत नाहीत."

"मग आपली माणसं पैसे घेऊन तरी करतात का, विचार," त्या म्हणाल्या.

मी चिडून सिनेगॉगचे विश्वस्त रोहेकर यांना फोन केला. म्हटलं, काहीतरी करा, बाई हातची जाईल. रोहेकरांनी केलं. रोहेकरांना जे करता येतं तेच केलं, ग्रुपवर फतवा काढला : "ज्या घरी प्रचारकांची ऊठबस आहे, तेथील कोणत्याही कार्यास समाजबांधवांनी जाऊ नये." मी त्यावर अंगठा दिला. मला वाटलं होतं, याचा धाक तेजसला बसेल.

पुढच्याच आठवड्यात मिल्काताई काठी टेकत आपल्या पायांनी जिना उतरल्या. त्यांनी आमच्या एलियाहू हनाबी या प्रेषिताला मलिद्याचा नवस बोलला होता. भिजवलेले पोहे, साखर, ओलं खोबरं, वेलची, वर फळं आणि गुलाब. त्यावर पुरुषानं हिब्रू प्रार्थना म्हणायची, भरल्या घरानं आमेन म्हणायचं, मग ताट वाटायचं. प्रार्थना झाली नाही तर ते नुसते गोड पोहे, आणि नवस तसाच डोक्यावर राहतो.

त्यांनी सगळ्यांना स्वतः फोन केले. रविवारी दुपारी हनोखदादांची टोपी, प्रार्थनेचं पुस्तक आणि घासलेली परात मांडून त्या दाराकडे तोंड करून बसल्या. ठेवणीतली जांभळी साडी नेसल्या होत्या. दारात कोणी आलं नाही.

मी गॅलरीत जाऊन एकेकाला फोन लावला. एकाकडे पाहुणे होते. एक म्हणाला, व्हिडिओ कॉल लावा, इथूनच आमेन म्हणतो. रोहेकर म्हणाले, "येरुशाबाई, नियम तुमच्याच सांगण्यावरून केला."

"नियम तेजससाठी होता, रोहेकर! म्हातारी नवस फेडायला बसलीय. दहा मिनिटं या, प्रार्थना म्हणा आणि जा."

"आज तिला सूट दिली तर उद्या कोणालाही द्यावी लागेल." फोन बंद झाला. मला त्या माणसाचा भयंकर संताप आला.

आत आले तर तेजस, चैताली आणि त्यांच्या मंडळीतली पंधरा-वीस माणसं जिना चढून आली होती. मार्केट यार्डातून फळांची पेटी आणली होती. चपला बाहेर नीट रांगेत काढल्या होत्या. खोली भरली आणि मिल्काताईंचा चेहरा उजळला.

"मिल्काताई, यांना जाऊ दे. प्रार्थना मी म्हणते," मी म्हटलं. "सगळी पाठ आहे मला. जन्मभर बायकांच्या बाजूला बसून ऐकलीय."

त्या घुटमळल्या. "बाईनं म्हटलेलं नवसाला चालतं का गं, येरुशा?"

चालतं, असं म्हणायला हवं होतं मी. पण आजवर कुणी विचारलं की नाही म्हणणारी मीच. खोटं बोलावं की खरं, ते मला ठरवता येईना. तेजसनं हळूच विचारलं, "आजी, मी म्हणू? शिकलोय मी." आणि मिल्काताईंनी हनोखदादांची टोपी उचलून त्याच्या हातात दिली.

तो चांगलं म्हणत होता, हेच वाईट होतं. मोबाइलवर ऐकून घोटून घोटून शिकला असणार. एकेक फळ उचलून बरोबर प्रार्थना म्हणत होता आणि सगळी खोली आमेन म्हणत होती. शेवटी त्यानं डोळे मिटले आणि मराठीत जोडलं, "येशुआच्या नावानं." मिल्काताईंनी ऐकलं. मी त्यांच्याकडेच बघत होते. क्षणभर त्यांचा हात पदरावर थांबला. मग त्यांनी भरल्या घराकडे पाहिलं आणि मोठ्यानं आमेन म्हटलं.

मलिदा पुरला नाही इतका खाल्ला लोकांनी. चैतालीनं परात घासून पालथी घातली. निघताना तेजसनं पुढच्या रविवारच्या सभेचं विचारलं आणि मिल्काताई म्हणाल्या, "गाडी पाठव. येईन मी." माझ्या हातात माझा वाटा ठेवला फक्त. तो मी तसाच वर घरी नेला.

संध्याकाळी रोहेकरांचा फोन आला. कुणीतरी त्यांना फोटो पाठवला होता. आवाजात समाधान मावत नव्हतं.

"बघा येरुशाबाई! ती बाई त्यांचीच होती. म्हणत नव्हतो मी?"

"चुकताय," मी म्हटलं. "आज दुपारपर्यंत ती आपली वाट बघत बसली होती."