शेंगोळ्यांची पंगत

आईचा व्हिडिओ बघणारा माणूस थेट आमच्या स्वयंपाकघरात येऊन बसू लागला, आणि माणसं वाढतील तसं स्वयंपाकघर लांब होत गेलं.

बाबा गेल्यापासून आई नीट जेवत नव्हती, म्हणून मी घरून लॅपटॉपवर नोकरी करायची परवानगी घेऊन बार्शीला परत आले होते. "दोघींसाठी कशाला पसारा?" म्हणत ती भाकरी दुधात कुस्करायची. तिला बोलतं करावं म्हणून एकदा मी कुळथाचे शेंगोळे करायला लावले आणि फोन पिठाच्या डब्याला टेकवून लाइव्ह सुरू केलं.

'एक जण पाहत आहे' असं स्क्रीनवर आलं. ओट्याशेजारी एक बाई मांडी घालून बसल्या होत्या. अंगात नर्सचा कोट.

"मी शेवंता, गडचिरोलीची. पीठ कोमट पाण्यात भिजवायचं का, काकू?"

"हो. आणि हाताला तेल लावा," आई म्हणाली आणि तिनं पिठाचा गोळा त्यांच्या हातावर ठेवला.

मग शारजात ट्रेलर चालवणारे दस्तगीरभाई आले. आल्या आल्या लसूण सोलायला बसले. त्यांच्यामागून रोज कितीतरी येत गेले. भिंती आवाज न करता सरकत होत्या. फरशी तीच होती, फक्त जास्त होती. हॉल गेला, अंगण गेलं. माझी खोली पलंगाएवढी उरली, मग खुर्चीएवढी. मी उभ्यानं काम करू लागले.

लॅपटॉपवरच्या मीटिंगमध्ये साहेबांनी विचारलं, "तुमच्याकडे कसला वास येतोय?"

"फोडणीचा," मी म्हणाले.

संध्याकाळी साहेब पंगतीत दिसले. बाह्या दुमडून ते शेंगोळे वळत होते, आणि त्यांचे वाकडे होत होते म्हणून आई हसत होती. तिचं हसू ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी भिंतीला टेकून नुसती ऐकत राहिले. भिंत दोन्ही खांद्यांना लागत होती.

आई आता सगळ्यांना नावानं हाक मारायची, सगळ्यांबरोबर पोटभर जेवायची. पण ती इतकी लांब गेली होती की माझ्या खोलीतून दिसेना. शेवटी मी फोन काढला आणि तिचा व्हिडिओ लावला.

मी पंगतीत बसले होते. समोर ताट होतं. माझ्यासाठी भिंत एक फरशी मागे सरकली.

आई वाढत वाढत माझ्यापाशी आली. गाल भरले होते तिचे.

"नवीन दिसता. कुठून आलात?"

"इथूनच. बार्शीतून."

"अगंबाई, म्हणजे जवळच्याच की. मग लाजायचं नाही."

तिनं शेंगोळे वाढले, वरून कच्चं तेल सोडलं आणि पातेलं घेऊन ती पुढे निघाली. पंगत जिथवर दिसत होती तिथवर माणसं हात धुऊन बसली होती. आई लहान लहान होत गेली, पातेल्याची वाफ मात्र माझ्या तोंडावर येतच राहिली.