नवख्यांसाठी राखलेली चौसष्ट कामं

बायको गेल्याचा फोन आला तेव्हा स्टोअरकीपर गोदामात खोक्यांवर लेबलं चिकटवत होता. फोन ठेवून त्याने हातातलं काम आधी पुरं केलं, मग दवाखाना गाठला. लोखंडी खिळ्यांच्या तीस खोक्यांवर त्याने 'नाजूक, काच' चिकटवलं होतं, हे नंतर कळलं. हमाल आठवडाभर ती खोकी तान्ह्या बाळासारखी उचलत होते.

बायको ग्रंथपाल. छोट्या वाचनालयांसाठीचं एक सॉफ्टवेअर ती सांभाळायची, फुकट आणि सगळ्यांना खुलं. कुठून कुठून लोक त्यातल्या तक्रारी लिहून पाठवत, ज्याला जमेल तो दुरुस्त करी. ती प्रत्येक तक्रारीला लेबल लावायची: 'तातडीचं', 'छपाई', 'नवख्यांसाठी'.

"आम्ही पोटासाठी लेबलं लावतो, तू हौसेसाठी," तो चिडवायचा.

"तुमची खोकी उलटून बोलत नाहीत, माझी भांडतात," ती म्हणायची.

महिन्याने लेकीने आईचा लॅपटॉप उघडून त्या लोकांना बातमी कळवली आणि ती चहा टाकायला उठली. तेवढ्यात स्टोअरकीपरला आवराआवरीची खुमखुमी आली. तीस वर्षांचा अनुभव! एका तक्रारीवर त्याला 'नवख्यांसाठी' दिसलं. खोक्यावर असलं मोघम लेबल त्याने एक दिवस ठेवलं नसतं. शोधून शोधून त्याने 'काढून टाका' गाठलं. "नक्की?" असं यंत्राने विचारलं. यंत्राला काय कळतंय, म्हणून त्याने 'हो' दाबलं.

"बाबा, काय केलंत?" लेक कप घेऊन मागे उभी.

"एक निकामी लेबल काढलं."

"एक नाही, चौसष्ट तक्रारींवरून उडालं ते! नवीन माणसं ते बघूनच कामाला लागतात. सोपी कामं आई स्वतः करायची नाही, त्यांच्यासाठी राखून ठेवायची."

"अगं, गोदामात एक पट्टी ओढली तर एकच निघते."

"हे गोदाम नाही, बाबा."

चहा निवला. बायको गेली तेव्हा तो खिळ्यांपाशी होता. तिच्या हातचं जे उरलं होतं, ते आता त्यानेच पुसलं होतं.

मग लेकीने दाखवलं की प्रत्येक तक्रारीखाली जुन्या नोंदी असतात. आईने लेबल कधी लावलं, ती ओळ तिथे शिल्लक होती. "मी छोटासा प्रोग्राम लिहिते, सगळी परत लागतील."

"नको. ज्याने सांडलं त्याने भरावं."

तेव्हापासून रोज सकाळी कामावर जाण्याआधी तो बसतो. सातशे तक्रारी आहेत. एकेक उघडायची, बायकोची ओळ शोधायची, लेबल लावायचं. दोनदा त्याने चुकून 'तातडीचं' लावलं. लेकीने ते काढलं.

काल एक चार वर्षांपूर्वीची तक्रार उघडली. तिनेच लिहिलेली: 'छपाईचं बटण फार बारीक आहे. चष्मा न लावणाऱ्या स्टोअरकीपरना दिसत नाही. सोपं काम.' खाली कोणीतरी विचारलं होतं, 'मी करू का?' तिचं उत्तर होतं: 'नको, राखीव आहे. आमच्या घरातला नवखा रिटायर झाल्यावर शिकणार आहे म्हणे.'

त्याने असं म्हटलं होतं खरं. जेवताना, तिला गप्प करायला.

उत्तर नीट वाचायला त्याला चष्मा लावावा लागला. मग त्याने लेबल लावलं, बरोबर तेच.

एक्केचाळीस झाली, तेवीस राहिली. बटण अजून बारीकच आहे.